नसलेल्या देवाचं जाड पुस्तक

१२ फेब्रुवारी, दुपारी, दुकानातून

टाचणे,

तुझं पुस्तक पोचलं. टपालवाल्याने ते फळीवर असं आदळलं की मशीनची सुई हलली. "आजी, वीट मागवलीत का?" म्हणाला. मी म्हटलं, "नातीने पाठवलीय. तिच्या बापाच्या डोक्यात घालायला."

पहिल्या पानावर नुसतं 'आजीला' एवढंच छापलंयस. बरं केलंस. पण ते पान मी काढून टाकलं, तुझ्या नावाच्या पानासकट, राग धरू नकोस. शिलाई उसवायच्या कटरने काढलंय, पुस्तकालाही कळलं नसेल. पुठ्ठ्यावर तुझं नाव सोनेरी अक्षरांत होतं, त्याच्यावर कोटाच्या अस्तराचा उरलेला तुकडा चढवून चारी बाजूंनी टाके घातले. आता ते कुणाचंही पुस्तक आहे.

कारण सांगते. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. गिऱ्हाइकाचं माप वाचते, तुझी पत्रं वाचते, दुकानांवरच्या पाट्या वाचते. तुझ्या पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत 'सर्वशक्तिमत्त्व' आहे. तेवढा शब्द संपेपर्यंत माझी एक पँट दुमडून होते. म्हणजे वाचून दाखवायला कुणीतरी हवं. आणि तू गेल्यापासून या घरात माणसं दोन, मी आणि तुझा बाप.

त्याला सांगितलंय की गिऱ्हाईक पुस्तक विसरून गेलंय, परत न्यायला येईपर्यंत रोज थोडं वाचून दाखव, मला आता दिसत नाही. (शेजारच्या चष्मेवालीने मला नवा चष्मा करून दिलाय. तो बटणांच्या डब्यात, बटणांच्या खाली असतो. सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो.)

तू म्हणशील, आजी, हे खोटं आहे. आहेच. तुम्ही दोघं एकदा खरं खरं बोललात आणि तीन वर्षं अबोला धरून बसलात, काय उजेड पडला?

सत्तावीस मार्चला याच पुस्तकावर तुझी तोंडी परीक्षा. घरचं एक माणूस तिथे बसू देतात असं तू लिहिलंस आणि लगेच पुढे लिहिलंस की कुणी आलं नाही तरी चालेल. मी पन्नास वर्षं लोकांचे कपडे दुरुस्त करतेय. 'चालेल, चालेल' म्हणणारं गिऱ्हाईक कसलं असतं ते मला सांगू नकोस. आरशात एकदा बघतं, चालेल म्हणतं, आणि पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही.

सत्तावीसला तो तिथे बसलेला असेल. कसा ते माझ्यावर सोड.

आजी


२१ फेब्रुवारी

टाचणे,

गाडी सुरू झाली. संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढते, तुझा बाप त्याच्या लिफ्टा दुरुस्त करून येतो, हातांचं वंगण साबणाने तीनदा धुतो आणि पुस्तक मांडीवर घेऊन स्टुलावर बसतो. पहिल्या दिवशी दोन पानं झाली आणि फाडकन मिटलं.

"आई, हे पुस्तक देव नाही असं म्हणतंय!"

"पुस्तक म्हणतंय ना? तू तर नाही म्हणत."

"असलं वाचणं पाप आहे."

"वाचणाऱ्याला की ऐकणाऱ्याला?"

"दोघांनाही."

"मग निम्मं निम्मं येईल. वाच."

वाचलं. नाराजीने वाचलं, पण वाचलं. दुसऱ्या दिवशी तो दगड आला. देवाला सगळं येत असेल तर त्याला स्वतःला उचलता येणार नाही असा दगड करता येईल का? करता आला तर उचलता येत नाही, नाही आला तर करता येत नाही, म्हणजे दोन्हीकडून पंचाईत. मी म्हटलं, "एवढं काय त्यात? स्वतःच्या अंगात शिरणार नाही अशी पँट या गल्लीतला प्रत्येक शिंपी शिवतो." तुझा बाप खो खो हसला. मग हसल्याबद्दल वर बघून माफी मागितली.

पुराव्याचं प्रकरण मात्र लांबवलंयस बाई. दावा करणाऱ्यानेच पुरावा द्यायचा, एवढंच ना? बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. एका ओळीचं काम, तू बारा पानं लावलीस. तुझा बापसुद्धा म्हणाला, "या गृहस्थाला कुणी थांबवणारं नाही वाटतं घरात."

पण कारागिराचं प्रकरण फक्कड. शिवण बघितली की शिंपी असणारच, तसं हे शरीर बघितलं की करणारा असणारच, असं लोक म्हणतात म्हणे, आणि मग तू त्यांना धुतलंयस. तुझा बाप वाचत होता आणि मला राहवेना. अगं, शिवणीवरून शिंपी ओळखण्यात तर माझा जन्म गेला. दुसऱ्यांचं शिवलेलं उसवायचं, हाच माझा धंदा. मी त्याला म्हटलं, हे बघ, माणसाचा गुडघा घेऊन कुणी माझ्या दुकानात आलं असतं तर मी हात लावला नसता. विचारलं असतं, कुठे शिवलंत? त्यांच्याकडेच परत न्या. सगळा भार एका सांध्यावर आणि आत कापडाचा पत्ता नाही. अक्कलदाढ म्हणजे उरलेला तुकडा आत कोंबून वरून शिलाई मारलेली. आणि हवेचा आणि अन्नाचा रस्ता गळ्यात एकच! शिकाऊ पोरीने एका खिशाला दोन कामं दिली तर मी तिच्या हातावर पट्टी मारेन.

"आई, तू त्याच्या बाजूने बोलतेस."

"मी शिंप्यांच्या बाजूने बोलतेय. उगाच आमच्या जातभाईचं नाव खराब."

हल्ली तो पेन्सिल घेऊन बसतो. कडेच्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरात काहीबाही लिहितो. मी म्हटलं, अरे, गिऱ्हाइकाचं पुस्तक आहे. म्हणाला, "खोडता येतं." काल जाताना शटर उचलून धरलं आणि म्हणाला, "माणूस चुकतोय, आई. पण सरळ चुकतोय. आडवळणं घेत नाही."

हे तुला सांगायचं नव्हतं. डोक्यात जाईल तुझ्या.

आजी


५ मार्च

टाचणे,

पत्र मिळालं. 'आजी, हे ताबडतोब थांबव' असं वर लिहिलंयस आणि खाली विचारलंयस, 'एकेचाळिसाव्या पानावर काय म्हणाले?' आधी स्वतःशी एकदा काय ते ठरव.

एकेचाळिसाव्या पानावर दोन दिवस काढले. प्रत्येक हलणाऱ्या गोष्टीला कुणीतरी हलवतं, मग सगळ्यांत आधी कोण? तुझ्या बापाला हे पाठच आहे. लिफ्टला दोर ओढतो, दोराला चाक, चाकाला मोटर, मोटरला वीज. कुठेतरी बटण आहे आणि बटणावर बोट आहे. "ते बोट म्हणजे देव!" म्हणून त्याने मांडीवर थाप मारली. पुढची ओळ वाचली तर तू विचारलंयस, मग बोटाला कोण हलवतं? आणि बोट आपोआप हलू शकत असेल तर लिफ्टनेच काय घोडं मारलंय?

दुसऱ्या दिवशी हा कामावर गेला, नवव्या मजल्यावर एका बाईसाठी लिफ्टचं दार उघडं धरलं आणि तिला हेच समजावत बसला. बाईंनी तक्रार केली. लिहिलंय, 'मेकॅनिक कामाच्या वेळेत देवाबद्दल बोलतो.' साहेबांनी बोलावून विचारलं, "प्रचार करतोस काय रे?" म्हणाला, "नाही साहेब. हरतोय."

मला हे चष्मेवालीकडून कळलं, साहेबांचा चष्मा तिच्याकडे आहे. हसून हसून माझ्या हातातली सुई पडली, अजून सापडलेली नाही.

सोमवारी लपलेल्या देवाचं प्रकरण आलं. लेकरू हाका मारतंय, बाप शेजारच्याच खोलीत आहे, त्याला ऐकू येतंय, लेकरावर त्याची माया आहे, तरी तो ओ देत नाही. असला बाप असू शकतो का? नसेल, तर हाकेला ओ न देणारा देव तरी कसा असेल? तुझ्या बापाने हे घडाघडा वाचलं आणि खवळला.

"या गृहस्थाला मूलबाळ नाही वाटतं."

"का रे?"

"बापाची काही कारणं असू शकतात ओ न द्यायची."

"कसली?"

"असतात. मोठी. लेकराला कळण्यापलीकडची."

"मला सांग. मी लेकरू नाही."

त्याने पेन्सिलीला टोक काढलं. टोक होतंच. तरी काढलं.

"आधी लेकराने हाक तर मारायला हवी."

"आणि मारली असेल तर?"

"तर... मानी असेल बाप."

"देव मानी आहे?"

"देवाचं कोण बोलतंय इथे!" म्हणाला, आणि पुस्तक मिटलं.

त्या दिवशी वाचन तिथेच संपलं. तो गेल्यावर मी बटणांखालून चष्मा काढून बघितलं. कडेला लिहिलं होतं, 'लेखकाने एकदा बापाकडे जाऊन विचारावं.' बस, एवढंच.

तू पत्रात आणखी एक विचारलंयस. त्या जेवणाच्या दिवशी मी का बोलले नाही?

काय बोलायचं होतं? घरात तीस माणसं, त्याचं ते प्रार्थनेचं अख्खं मंडळ. तो उभा राहून सांगत होता, लिफ्टच्या टपावर आम्ही दोघं काम करत होतो, लिफ्ट अचानक हलली, जोडीदाराचा पाय गेला आणि मला साधं खरचटलंही नाही, देव तारी त्याला कोण मारी. जोडीदार कुबड्या घेऊन समोरच बसलेला. आणि तू, वय वर्षं एकवीस, ताट हातात घेऊन विचारलंस, "मग ज्याला तारलं नाही, त्याला कोणी मारलं?" एकटा जोडीदार तेवढा हसला. मग तुझा बाप म्हणाला, शब्द मागे घे नाहीतर या घरात राहू नकोस. तू बॅग भरलीस.

मी भांडी उचलत होते.

आजी


१६ मार्च

टाचणे,

घात झाला. आणि तो तू केलास.

पान एकशे बारा. पुढे काय आहे ते मला काय ठाऊक? मला पुढचं वाचता येत असतं तर त्याला कशाला स्टुलावर बसवलं असतं? तो आपला नेहमीसारखा वाचत होता. 'समजा, दोन माणसं लिफ्टच्या टपावर काम करत आहेत. लिफ्ट अचानक हलते. एकाचा पाय जातो. दुसरा म्हणतो, देवाने मला वाचवलं.' इथे थांबला.

मी चेन लावत होते. मशीन थांबवलं.

तो पुन्हा वरून वाचायला लागला, मनातल्या मनात, ओठ हलवत. मग पुस्तक मिटलं, उलटंपालटं केलं आणि अस्तराचा तुकडा कोपऱ्यातून धरून टराटरा ओढला. तेवढ्यातही माझ्या लक्षात आलं की त्या बाजूला मी टाके लांब घातले होते, घाईत. तुझं सोनेरी नाव बाहेर आलं.

"किती दिवस?" म्हणाला.

"बारा फेब्रुवारीपासून."

"गिऱ्हाईक?"

"नाही कुणी."

"आणि डोळे?"

आता काय लपवायचं? मी बटणांच्या डब्यात हात घातला, चष्मा काढला आणि लावला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. फार स्पष्ट दिसला, पिकलाय बराच.

पुस्तक काखेत मारलं, बाहेर गेला आणि शटर खाली ओढलं. मी आत. कुलूप लावलं नाही, तेवढी माया आहे म्हणायची.

तू घाबरून पत्रबित्र लिहू नकोस. अकरा दिवस राहिलेत, अभ्यास कर.

आजी


१८ मार्च

टाचणे,

हे पत्र दोनदा वाच, कारण मी एकदाच लिहिणार आहे.

काल दिवसभर तुझा बाप माझ्याशी बोलला नाही. संध्याकाळी घरी प्रार्थनेला बसला आणि मी नेहमीसारखी शेजारी. तो म्हणाला, "आई, डोळे मीट." दोन दिवसांतले पहिले तीन शब्द. मी म्हटलं, "नको, झोप येते."

"प्रार्थनेत?"

"पहिल्यापासून येते. म्हणून मी आत कामं आठवत बसते, कुणाची चेन, कुणाची बाही. आज कामं नाहीत."

त्याने डोळे उघडले. म्हणाला, "म्हणजे? तुझा विश्वास नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"नऊ वर्षांची असल्यापासून."

"काय झालं होतं नवव्या वर्षी?"

"काही नाही रे. सगळे डोळे मिटून बसले होते, मीही बसले. वाट बघितली, कुणी आलं नाही. मग मी डोळे उघडले आणि खेळायला गेले. काही जणांना शीळ घालता येत नाही, तसं समज."

त्याला ते पटेना. माणसाला काहीतरी मोठं दुःख झाल्याशिवाय असं होत नाही असं त्याचं म्हणणं. "बाबा गेले तेव्हा झालं असेल." मी म्हटलं, "तेव्हा मी फक्त विधवा झाले. नास्तिक आधीपासून होते." (हा शब्द तुझ्या पुस्तकात इतक्यांदा आहे की आता मला झोपेतही येतो.)

"मग इतकी वर्षं माझ्या शेजारी का बसलीस?"

"तू माझा मुलगा आहेस. तू क्रिकेट बघतोस तेव्हाही बसते, त्यातलंही मला काही कळत नाही."

तर आता तुलाही कळलं. मी भांडी उचलत होते हे खोटं आहे. भांडी उचलायची वेळच झाली नव्हती, लोक जेवत होते. मी त्या दिवशी 'पोरीचं बरोबर आहे' एवढं म्हटलं असतं तर तुझ्या बाजूला एक माणूस झालं असतं आणि तू बॅग भरली नसतीस. मी म्हटलं नाही. म्हातारपणी तीस लोकांपुढे कोण तोंड काळं करून घेणार, असं वाटलं. चूक झाली. आमच्या धंद्यात चूक कळली की उसवायची असते. रडत बसलं की नुसतं कापड ओलं होतं.

म्हणून उसवायला घेतलं. तुझ्या पुस्तकात ते आहे ना, जगात दुःख आहे, मग एक तर देवाला ते थांबवणं जमत नाही, नाहीतर त्याला ते थांबवायचं नाही. तुझ्या बापाने वाचलं तेव्हाच मी ते ध्यानात ठेवलं होतं, कापायला चांगलं हत्यार आहे. मी त्याला म्हटलं, "देव नाही म्हणणाऱ्या एकीला तू घराबाहेर काढलंस. आता दुसरी सापडली. एक तर मलाही काढ, नाहीतर तिलाही आण. तिसरा रस्ता नाही."

"तू आई आहेस."

"ती लेक आहे."

मग उठला, बॅग काढली, त्यात दोन शर्ट, दाढीचं सामान आणि तुझं पुस्तक टाकलं आणि चपला घालायला लागला.

"कुठे निघालास?"

"तिसऱ्या रस्त्याने," म्हणाला. आणि गेला.

म्हणजे बघ! दुसऱ्यांना काढून झालं, आता पठ्ठ्याने स्वतःलाच घराबाहेर काढलं. मी दारात उभी राहून इतकी हसले की वरच्या मजल्यावरून विचारणा झाली. तुमच्या गुरुजींना विचार, असं करून निसटण्याला तुमच्यात काही नाव आहे का.

चष्मेवालीने त्याला जोडीदाराच्या घराच्या जिन्यावर बघितलं. म्हणजे जागेवर आहे. माझ्याकडे दहा पँटा पडल्यात.

आजी


२५ मार्च

टाचणे,

हे पत्र टपालाने नाही, हाताने येतंय. हात कुणाचा ते दार उघडल्यावर कळलंच असेल. त्याच्याकडे लगेच बघू नकोस, आधी हे वाच. तो थांबेल, तीन वर्षं थांबलाय.

काल दुपारी दोघं दुकानात आले. जोडीदार कुबड्यांवर पुढे आणि तुझा बाप मागे, त्याची बॅग घेऊन, एखाद्या नव्या नवरीच्या भावासारखा. जोडीदाराने नवी पँट फळीवर टाकली. "आजी, डावा पाय गुडघ्यावर दुमडा. आणि उरलेल्या कापडाचं काय करायचं ते तुमच्या नातीला विचारा, तिला सगळ्याची उत्तरं येतात." मी कात्री घेतली आणि तो बसून सांगायला लागला. तुझा बाप बाहेर उभा राहून रस्त्यावरची रहदारी बघत होता, जन्मात कधी बघितली नव्हती अशी.

जोडीदार आता कंपनीच्या फोनवर असतो हे तुला माहीत नसेल. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की आतलं बटण दाबतं आणि फोन याच्याकडे येतो. हा त्यांना धीर देतो. "घाबरू नका, मी याहून वाईट अडकलोय," म्हणतो. तुझा बाप तिथेच त्याच्याकडे जाऊन बसला आणि एकशे बारावं पान त्याच्यापुढे ठेवलं. जोडीदाराने ते मोठ्याने वाचलं. फोन चालू राहिलाय हे ध्यानातच नाही. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे अडकलेला एक माणूस पलीकडून म्हणाला, "साहेब, लिफ्टचं होईल सावकाश, तुम्ही पुढे वाचा."

वाचून झाल्यावर तुझा बाप बोलला. तीन वर्षांत जे कुणाला सांगितलं नव्हतं ते.

त्या दिवशी टपावर चढल्यावर यानेच जोडीदाराला म्हटलं होतं म्हणे, तू त्या कडेला बस, मी इकडे बसतो. जोडीदार तिकडे बसला, पाय खाली सोडून. लिफ्ट वर गेली आणि त्या कडेने लिफ्टला तोलणारं लोखंडी वजन खाली आलं. कळतंय का तुला? 'देवाने मला वाचवलं' म्हटलं की जे झालं ते देवाच्या अंगावर जात होतं. तू भर घरात देवालाच काढून टाकलंस, तर मागे उरला कोण? हाच. म्हणून तो तसा तुझ्यावर उसळला. तू त्याचा देव नव्हता काढलास, त्याची आडोशाची भिंत काढली होतीस. त्याला हे सांगता येत नव्हतं आणि तुला दिसत नव्हतं. आणि मी म्हणे 'भांडी उचलत' होते.

जोडीदाराने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू मला सांगितलंस, आणि मी ऐकलं?"

"हो."

"बावीस वर्षांत मी तुझं एकदा तरी ऐकलंय?"

तुझा बाप बोटं मोजायला लागला.

"अरे गाढवा, मी त्या कडेला बसलो कारण माझा जेवणाचा डबा त्या कडेला ठेवलेला होता."

"डबा?" तुझा बाप म्हणाला.

"डबा. भूक लागली होती. तू काय बडबडत होतास ते माझ्या कानापर्यंत आलंसुद्धा नाही."

तीन वर्षं ज्याच्यासाठी हा वर बघून आभार मानत होता आणि खाली बघून झुरत होता, ते सगळं एका डब्याने केलेलं. जोडीदार सांगतो, आधी तुझा बाप रडला, मग हसला, मग दोन्ही एकदम करायला लागला आणि फोनवरचा अडकलेला माणूस विचारत राहिला, "काय झालं? काय झालं?"

मग जोडीदार त्याला आणखी एक बोलला. ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण ते तुझं आहे. "तुझ्या घरी त्या दिवशी तीस माणसं होती. तुझ्या जिवाबद्दल सगळ्यांनी आभार मानले. माझ्या पायाचं विचारलं एकट्या तुझ्या पोरीने."

हे सांगून झालं तेव्हा माझी पँट दुमडून झाली होती. टाके वाकडे आले, पुन्हा घातले.

आता कामाचं ऐक. तुझा बाप बदललाय असं समजू नकोस. देव आहेच, असं तो म्हणतो. त्या दिवशी देव डब्याच्या भानगडीत नव्हता इतकंच. मी म्हटलं, मग होता कुठे? म्हणाला, "तेच विचारायला जातोय, तुझ्या नातीला." पुस्तकात सतरा ठिकाणी पेन्सिल आहे. मी चष्मा लावून सगळी बघितली. काही ठिकाणी तो सपशेल चुकलाय, काही ठिकाणी तू, आणि एकशे बाराव्या पानावर तुझंही अर्धंच बरोबर आहे, कारण डब्याचं तुला माहीत नव्हतं. परवाच्या आधी तेवढं नीट करून घे. परीक्षक कितीही शिकलेले असोत, लिफ्टच्या टपावर कुणी चढलेलं नसेल.

मी येत नाही. एकच माणूस बसू देतात ना? त्याला बसव. त्याला नवा शर्ट शिवलाय. पन्नास वर्षांत पहिल्यांदा काही नवं शिवलं, कॉलर जरा मोठी झालीय, हसू नकोस.

त्याला माफी मागता येत नाही, घराण्यातच नाही ती. तो तुझ्या इमारतीच्या लिफ्टबद्दल काहीतरी बोलेल. दार नीट लागत नाही, आवाज करते, असलं काही. ती माफी समज. तुलाही येत नाही, मला माहीत आहे. तू म्हण, बघा ना जरा.

तो अजून दारातच असेल. आत ये म्हटल्याशिवाय आत यायचा नाही. कागद ठेव आता खाली आणि पहिल्यांदा त्याला बसव. देव आहे की नाही ते मग बघा. उभ्या माणसाशी वाद घालू नये गं, हरला की निघून जातो.

आजी